कुठली वाशी?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी वाशीचा. एवढं बोललो की मुंबई-पुण्याकडचा माणूस लगेच विचारतो, "सेक्टर कुठला?" मग सांगावं लागतं, की साहेब, आमच्या वाशीत सेक्टर नाहीत, गल्ल्या आहेत. खाडी नाही, पूल नाही, लोकल नाही. रेल्वे बघायची तर धाराशिव नाहीतर बार्शी गाठावी लागते. एवढ्यानंही काहींचं समाधान होत नाही. ते म्हणतात, "म्हणजे वाशीम का?"

माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहाच्या पंचवीस लेखकप्रती अशाच नव्या मुंबईच्या एका गोदामात दीड महिना पडून होत्या. आल्या तेव्हा चार-पाच उंदरांनी वाचून संपवल्या होत्या. वाचक मिळाले हे खरं, पण वाशी चुकली.

आता माझी वाशी कुठं, ते सांगतो. सोलापूरहून धुळ्याकडं जाणारा महामार्ग धरा. तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा मागं टाकलं की तेरखेडा येतं. फटाके बनवणारं गाव म्हणून मराठवाड्यात त्याला लोक ओळखतात. त्या तेरखेड्याचा तालुका म्हणजे आमची वाशी. बालाघाटाचं पठार, वरच्या अंगाला मांजरा नदी, खाली काळी जमीन थोडी आणि बरड माळ पुष्कळ. सोयाबीन, तूर, ज्वारी आणि खव्याच्या भट्ट्या. मी जन्मलो तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, २०२३ पासून तो धाराशिव झाला. मी घर बदललेलं नाही.

आज हे पुराण लावण्याचं कारण म्हणजे एक म्हातारा. २०२३ च्या सुरुवातीला मी उमऱ्याला गेलो होतो. मदिनेत मशिदीच्या आवारात असर आणि मगरीबच्या मध्ये बसलो असताना शेजारी एक सत्तरी ओलांडलेला गृहस्थ येऊन टेकला. डोक्यावर काळी टोपी, कमरेला लुंगीसारखं चौकड्याचं वस्त्र. इंडोनेशियाचा. सोबत कॉलेजात शिकणारा नातू. नातवाचं इंग्रजी आणि माझं बी. ए.चं इंग्रजी, दोन्ही सारखीच लंगडी. त्यामुळं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती बरी चालली.

म्हाताऱ्याचं गाव सुमात्रा बेटावरच्या रिआऊ प्रांतात होतं. गावाचं नाव त्यानं सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं, आणि घरी आल्यावर नकाशात पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. पण त्याच्या गावाच्या आजूबाजूचा मुलूख मात्र जगाला माहीत आहे. तिथं मिनास नावाचं तेलक्षेत्र आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, जपानी सैन्यानं तिथं विहीर खोदली आणि तेल लागलं. १९५२ पासून ते बाहेर जाऊ लागलं. आग्नेय आशियातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांमध्ये त्याची गणना होते. शेजारीच दुरी नावाचं दुसरं क्षेत्र. तिथलं तेल इतकं दाट, की जमिनीत वाफ सोडून ते पातळ करून वर काढावं लागतं. हे सगळं तेल नळांमधून दुमाई बंदराला जातं आणि तिथून जहाजांत. ते नळ रस्त्याच्या कडेनं, जमिनीच्या वर, उघडे धावतात.

म्हातारा म्हणाला, "माझ्या लहानपणी नळ आमच्या दारासमोरून जायचा. आम्ही पोरं त्याच्यावर बसायचो. तो कोमट असायचा, थंडीपावसात बरं वाटायचं. आणि रात्री घरात चिमणी असायची. रॉकेलची. रॉकेल दुकानातून विकत आणायचो."

तेलाच्या नळावर बसून तेल विकत आणायला जाणारं पोर माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. गंमत म्हणजे पुढं त्या सबंध देशाचंच तसं झालं. तेल विकणाऱ्या देशांच्या ओपेक संघटनेत इंडोनेशिया १९६२ साली गेला होता. २००४ च्या सुमारास तो जेवढं तेल काढत होता त्याहून जास्त वापरू लागला, आणि विकणाऱ्याचा घेणारा झाला.

त्या रस्त्यावरच्या कित्येक वस्त्यांना बाहेरचे लोक नावानं ओळखतच नाहीत, असं नातू सांगत होता. नळाचा रस्ता आखला तेव्हा किलोमीटर मोजले. मग "अमुक किलोमीटर" हेच वस्तीचं नाव झालं. आजोबा गावाचं जुनं नाव सांगतात, नातू किलोमीटर सांगतो.

रिआऊत लोक म्हणतात, की आमच्याकडं खालीही तेल आणि वरही तेल. खाली खनिज तेल, वर पामच्या झाडांचं. म्हाताऱ्याची स्वतःची पाच एकरांच्या आसपास पामची बाग होती. त्यानं विचारलं, "तुम्ही पामतेल खाता?" मला हसू आलं. आमच्या लहानपणी रेशनवर परदेशातून आलेलं पामतेल मिळायचं. थंडीत ते डब्यात गोठायचं, अम्मी डबा चुलीच्या कडेला ठेवायची. आज भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. वडापाव, फरसाण, बिस्किट, सगळ्यात ते आहे. मी त्याला म्हणालो, "चाचा, तुमचं तेल आमच्या पोटात आहे आणि आमच्या सोयाबीनच्या मुळावरही आहे."

हे जरा उलगडून सांगायला हवं. २०२२ च्या एप्रिल अखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. आमच्याकडं तेल कडाडलं, वाण्याच्या दुकानात रोज नवा भाव. त्याच वेळी म्हाताऱ्याच्या गावात मात्र पामची फळं घ्यायला गिरण्या तयार नव्हत्या. बाहेर जाणंच बंद तर गाळायचं कशाला? महिन्याच्या आत, २३ मे रोजी, बंदी उठली. तोवर त्याच्या फळांचे घड सडून गेले होते. आता आमची बाजू. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीस टक्के केलं; मे २०२५ च्या शेवटी ते दहा टक्क्यांवर आणलं. हे आकडे दिल्लीत हलतात आणि वाशीच्या आडत दुकानात पट्टी बदलते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावानं आडतीवर कुणाची पट्टी झालेली मी तरी पाहिली नाही.

नातवानं मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून त्यांचं गाव दाखवलं. हिरवे चौकोन, त्यांतून गेलेली सुतासारखी सरळ रेघ, तो नळ. रेघेच्या कडेला दहा-वीस पत्रे. मग म्हणाला, "आता तुमचं दाखवा." मी वाशी असं टाइप केलं. नकाशा उडत उडत गेला आणि खाडीच्या पुलावर जाऊन थांबला. म्हातारा म्हणाला, "वा! केवढं मोठं गाव आहे तुमचं!" मी त्याला खरं सांगितलं नाही.

*

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या माळावर माणसं आली. पांढरी जीप, हातात नकाशे. पवनचक्कीवाले.

आमचा माळ म्हणजे पीरमाळ. वर एका पिराचा चबुतरा आहे. गावातले सगळ्या जातींचे लोक तिथं मलिदा करतात, गलेफ चढवतात. त्याच्या अंगाला आमच्या घराची साडेतीन एकर बरड जमीन. हुलगा, मटकी, फार तर तूर. अब्बा तिथं शेळ्या चारायचे. सातबाऱ्यावर दोन नावं, भाईजान आणि मी. भाईजान माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. शेती तेच करतात. मी आपला नोकरी सांभाळून कविता लिहिणारा, सातबाऱ्यापुरता शेतकरी.

त्या माळावर दुसरं काही नसलं तरी वारा आहे. आषाढात उभं राहिलात तर अंगावरचं धोतर जागेवर राहायचं नाही. ढग येतात, वारा त्यांना ढकलत पुढं नेतो, खाली चार थेंब पडतात. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात तो हाच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा आमची मांजराही कोरडी होती. जो वारा आमचा पाऊस पळवतो, त्याचे पैसे होतात, हे ऐकून गावाला आधी थट्टाच वाटली.

वाऱ्याचं गणित मला एका तरुण अभियंत्यानं चहा पिता पिता समजावलं. सेकंदाला तीनेक मीटर वेग झाला की पाती फिरू लागतात. बाराच्या आसपास यंत्र पूर्ण ताकदीनं चालतं. पंचविसाच्या घरात गेलं की ते आपणहून थांबतं, नाहीतर मोडेल. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून चार मीटर उंच माळासाठीही ही माणसं भांडतात. मनोरा सव्वाशे मीटरच्या वर. दोन चारमिनार एकावर एक ठेवले तरी वर जागा उरेल. आमच्याकडं पवनचक्क्या उशिरा आल्या. साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर त्या गेल्या शतकाच्या अखेरीसच उभ्या राहिल्या होत्या. २००३-०४ च्या दुष्काळात तिकडं आवई उठली होती की ही पाती ढगांना हाकलतात. ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात, हे जाणकारांनी सांगून पाहिलं. पण उपाशी माणसाला कुणाला तरी धरायचं असतं. आमच्याकडंही हे बोलणं चालतंच. २०२५ च्या सप्टेंबरात धो धो कोसळलं, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा कुठं ते जरा थांबलं.

माळ भाड्यानं द्यायचा ठरला. भाईजानच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, पुतण्या पुण्यातलं काम सोडून परत आला होता. हुलग्याच्या माळाला कुणी पैसे देतंय तर नाही का म्हणा? एजंटानं कागद आणला. तीस वर्षांचा भाडेपट्टा, चाळीसेक पानं, सगळा इंग्रजीत. भाईजान म्हणाले, "तू बी. ए. आहेस, बघ."

मी बघितला आणि तिथंच अडकलो. शब्दकोश घेऊन चार रात्री बसलो. जमिनीवरचा हक्क कंपनी पुढं कुणालाही देऊ शकेल, आम्हाला विचारायची गरज नाही. मनोऱ्यापुरती जागा घेणार असं तोंडानं सांगितलेलं, पण रस्ता, तारा, केबल हे सगळं उरलेल्या जमिनीतूनही जाऊ शकेल असं कागदात. मी एजंटाला म्हणालो, मराठीत प्रत द्या. तो म्हणाला, "देतो की सर." महिना गेला. पुन्हा म्हणालो. "सर, सगळ्यांनी सह्या केल्या, तुम्हीच एकटे वाचताय."

हे खोटं नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. पण कुणाला किती मिळाले, हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. एका बांधाच्या अलीकडं एक रक्कम, पलीकडं तिच्या दीडपट. भावाभावांत बोलणं बंद झालं. पूर्वी बांध कोरला म्हणून भांडणं व्हायची, आता बांधाला किती मिळाले म्हणून व्हायला लागली.

मला सारखा तो म्हातारा आठवायचा. त्याच्या बापानं नळाच्या रस्त्याला जमीन दिली होती. बदल्यात काय मिळालं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वडिलांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं." मला वाटलं, निदान आपण तरी वाचून सही करू. भाईजाननी एकदाच टोकलं, आमच्या घरच्या बोलीत: "तू पढता बैठ. हवा कागजां के वास्ते रुकती नै."

आणि तसंच झालं. २०२४ चा पावसाळा संपला तेव्हा कंपनीनं नकाशा बदलला. आमच्या जागेवरचा मनोरा दीडशे पावलं पलीकडं, शेजाऱ्याच्या माळावर गेला. त्यानं न वाचता सही केली होती. त्याच्या पोरीचं शिक्षण झालं, घरावर स्लॅब पडला. आमच्या वाट्याला काय आलं? माथ्यावरून जाणाऱ्या तारा. त्यांचे जे काही मिळाले त्यातून सोसायटीचं व्याजही फिटलं नाही.

माझं वाचणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्याची किंमत मी मोजली नाही, भाईजाननी मोजली. मला महिन्याला पगार येत होता; वाचत बसणं मला परवडत होतं. भाईजान या विषयावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच डिसेंबरात, ९ तारखेला, शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीशी त्या हत्येचा संबंध असल्याचं तपासयंत्रणेनं दोषारोपपत्रात म्हटलं. सगळ्या महाराष्ट्रानं ती बातमी वाचली. आमच्याकडं त्या दिवसांत माळावर एकटं कुणी जाईना. वाऱ्यासाठी माणूस मारला जाईल, हे अब्बांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

मी पवनचक्कीच्या विरोधात बोलतोय असं समजू नका. कोळसा जाळण्यापेक्षा हे शंभरदा बरं. तिनं धूर होत नाही, पाणी लागत नाही. पाण्याचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. पाती नेण्यासाठी जो रुंद रस्ता केला, त्याच्यावरून आता आमच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जातात. पूर्वी पावसाळ्यात माळावर जाणंच व्हायचं नाही. काही पोरं रखवालदारीवर लागली. पण एक प्रश्न मी त्या अभियंत्याला विचारला होता: ही वीज जाते कुठं? तो प्रामाणिक मुलगा होता. म्हणाला, "काका, आधी ३३ केव्हीच्या तारांनी आमच्या उपकेंद्रात. तिथं दाब वाढवून २२०. पुढं ४०० आणि मग देशाच्या जाळ्यात. एकदा जाळ्यात गेली की ती कुणाची, ते सांगता येत नाही." उस्मानाबाद परिसरातली एक हजार मेगावॉट वीज बाहेर काढण्यासाठी कळंब भागात मोठं केंद्र उभारण्याची योजना केंद्रानं केली, तिच्या कागदांत आमच्या जिल्ह्याचं नाव आहे. गावांची नावं मी शोधली. पुन्हा तेच.

आणि आमच्या मोटारीला वीज? तिची तार वेगळी, तिचा फिडर वेगळा, तिचा डीपी वेगळा. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सौर योजनेतून सगळीकडं दिवसा वीज मिळेल असं म्हणतात. काही गावांत मिळूही लागली आहे. आमच्या शिवारात अजून रात्रीची पाळी आहे. रात्री एक वाजता थ्री फेज येते तेव्हा पुतण्या बॅटरी घेऊन निघतो. वर मनोऱ्याचा लाल दिवा उघडझाप करत असतो. विमानांसाठी आहे तो, पण पुतण्या म्हणतो, वाट सापडायला बरा पडतो.

प्रत्येक मनोऱ्यावर आकडा रंगवलेला आहे. पीरमाळाच्या कडेचा तो एकतीस. कामगार आले तेव्हा तेच म्हणायचे, "एकतीसवर जेवण पाठवा", "एकतीसची गाडी अडकली". वाहनवाले, दुकानदार, मग आमचीही माणसं म्हणू लागली. पलीकडची तांबडी टेकडी तेहतीस झाली. गाढवमाळ अठ्ठावीस. गाढवमाळाचं नाव गेलं याचं कुणाला फार दुःख नाही, हेही सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात रात्री दीडला माझा फोन वाजला. पुतण्या होता. म्हणाला, "चाचा, घाबरू नका, अब्बांना सांगा मोटार सुरू झाली, त्यांना झोप लागत नाही." मी विचारलं, "तू कुठं आहेस?"

"एकतीसखाली."

"पीरमाळावर म्हण."

"हां, तिथंच," तो म्हणाला, "ठेवतो, पाणी मोडायचंय."